ती काही करत नव्हती

बोटीवर होतो तेव्हा बिस्केच्या उपसागरात दोनदा वाटलं होतं, आता संपलं. पण ती भीती बरी. तिच्यात हात कामाला असतात, दोर ओढायचा असतो, कुणीतरी शिव्या देत असतं. यंदाच्या हिवाळ्यात मला जी भीती वाटली ती खुर्चीत बसून वाटली. हीटिंग चालू, बाहेर पाऊस, समोर टेलिफोन, आणि मी त्याच्याकडे बघत बसलोय की बाबा रे, वाजू नकोस.

माझं शिक्षण चौथी. रत्नागिरीकडचा मी. बोटीवर खलाशी होतो, साउथहॅम्प्टनला उतरलो तो उतरलोच. पुढे सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लाँड्रीत केली. दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या. पेन्शन, टॅक्स, इन्शुरन्स यातलं मला काही कळत नाही. घरात ते कळणारी एक होती, माझी बायको, म्हणून कळून घ्यायची गरजही पडली नाही. ती ऑक्टोबरात गेली. सकाळी कोथिंबीर निवडत होती, माझ्याशी बोलत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली. डोक्यातली शीर फुटली असं नंतर सांगितलं. मी विचारत होतो, "अगं, पुढं काय म्हणाला तो?" कोण म्हणाला, काय म्हणाला, ते आता मला कधीच कळणार नाही.

तिच्या नावाचं एक पेन्शनचं खातं होतं. सरकारी पेन्शन वेगळी. हे खातं तिनं स्वतः उघडलेलं, स्वतः भरलेलं. तिच्यामागे ते माझ्याकडे यावं असं तिनं लिहून ठेवलं होतं. आमची मुलगी वॉटफर्डला असते, तिनं त्या कंपनीला आई गेल्याचं कळवलं, आणि थोड्या दिवसांनी कंपनीचा मला फोन आला.

फोनवर बाई होती. आधी दुःख झालं वगैरे म्हणाली. इथली माणसं ते फार छान म्हणतात, रोज म्हणून म्हणून जीभ वळलेली असते. मग पत्ता विचारला, जन्मतारीख विचारली. मग म्हणाली, "तुमची पत्नी काय काम करायची?"

आता आमच्या पिढीच्या माणसाला हे विचारलं तर तो काय सांगेल? माझ्या बापानं जे सांगितलं असतं तेच मी सांगितलं. म्हटलं, "काही करत नव्हती. घरीच असायची."

"काहीच नाही?"

"नाही. हाउसवाइफ."

ती जरा थांबली. मला वाटलं, हिला अजून काहीतरी पाहिजे. म्हणून मीच पुढे बोललो, "वरती दोन खोल्या आहेत. डॉक्टर पोरं राहायची. त्यांचे पैसे यायचे तेवढेच."

"म्हणजे भाडं?"

"हां. भाडं."

मग पलीकडून नुसता टाइप केल्याचा आवाज आला. खूप वेळ आला. तिचा गळा गोड तो गोडच राहिला, पण बोलणं बदललं. म्हणाली, ज्या माणसाला कमाई नसते त्याला अशा खात्यात वर्षाला थोडीशीच रक्कम भरता येते. तुमच्या पत्नीनं काही वर्षं त्याच्यापेक्षा बरीच जास्त भरली आहे, आणि त्याच्यावर सरकारकडून मिळणारा वाटाही घेतला आहे. तेव्हा हे आमच्या दुसऱ्या विभागाला बघावं लागेल. गरज पडली तर टॅक्स ऑफिसला कळवावं लागेल. तोपर्यंत सगळं थांबवून ठेवतो. तुम्हाला पुन्हा फोन येईल.

मी "थँक यू" म्हटलं. कशाबद्दल म्हटलं कोण जाणे.

त्या रविवारी चार टिंबं आला. हे त्याचं नाव नव्हे. नाव मी लिहीत नाही, पण आमच्या घरात तो चार टिंबं याच नावानं ओळखला जातो. ते का, ते सांगतो.

बायकोची आत्या मुंबईत, गिरगावात खानावळ चालवायची. लग्नाआधी बायको तिच्याकडे होती, तिथंच तिचा हात तयार झाला. इथं आल्यावर पहिल्यांदा हॉस्पिटलातला एक नागपूरचा डॉक्टर जेवायला आला. लाँड्रीत त्याची माझी ओळख झाली होती, मीच घेऊन आलो. तो जेवताना रडला. वरणभात होता, दुसरं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात तो आणखी दोघांना घेऊन आला, आणि तेव्हापासून आमच्या घरात कधी पाच, कधी आठ ताटं पडत राहिली. नव्या पोरांपैकी दोघं वरच्या खोल्यांत राहायची, स्वतःची जागा मिळेपर्यंत. बाकीची नुसती जेवायला यायची. तिनं प्रत्येकाला एक स्टीलचं ताट दिलं होतं. खिळा आणि हातोडी घेऊन ताटाच्या काठावर टिंबं मारायची. एक टिंब माझं. दोन, तीन, चार अशी पोरांची. पोरगा गेला की त्याचं ताट पुढच्याला. पण चार टिंबांचं ताट तिनं पुढं कुणाला दिलं नाही, कारण हा पोरगा गेलाच नाही. इथंच मोठा डॉक्टर झाला, घर घेतलं, लग्न केलं, आणि तरी बांगड्याच्या वासानं हजर.

तर तो आला. समोसे घेऊन आला, बायकोच्या फोटोसमोर उभा राहिला, मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला.

"काका, जेवता का नीट?"

"जेवतो. तू काय माझी नाडी बघायला आलायस?"

"फुकट बघतोय तर बघून घ्या."

चहा झाला. मी सहज म्हणून त्याला फोनचं सांगितलं. मला वाटलं हसेल. त्यानं कप खाली ठेवला.

"भाडं म्हणालात?"

"मग काय म्हणू? पैसे यायचे ना पोरांचे."

"काका, भाडं ही कमाई धरत नाहीत."

"पैसे येतात ती कमाई नाही?"

"पेन्शनच्या नियमात नाही. कमाई म्हणजे काम करून आलेली. पगार, नाहीतर स्वतःचा धंदा. घरभाडं, बँकेचं व्याज, शेअरचे पैसे, तुम्हाला मिळते ती पेन्शन, हे सगळे पैसेच असतात, पण कमाई नाही. जितकी कमाई तितकंच भरता येतं. कमाईच नसेल तर सरकारचा वाटा धरून वर्षाला छत्तीसशे पौंड. बस."

"आणि तिनं जास्त भरले."

"हो."

"तुला काय माहीत?"

तो खाली बघायला लागला. "मीच सांगितलं होतं काकूंना भरायला."

मला आठवलं. डॉक्टर लोक जमले की आजारावर कमी आणि पेन्शनवर जास्त बोलतात. आमच्या टेबलावर किती वर्षं हेच चालायचं, कोणी किती भरलं, कोणाला टॅक्स लागला. बायको पोळ्या वाढता वाढता ऐकायची. एकदा तिनं विचारलं होतं, "मला भरता येईल का रे?" आणि हा म्हणाला होता, "का नाही, काकू? तुम्ही आमच्यापेक्षा जास्त राबता. तुम्ही ऐंशी टाका, सरकार वीस टाकतं." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? सरकार ओवाळणी घालतंय." मी म्हटलं, तुला कशाला पाहिजे पेन्शन, माझी आहे ना. तर सगळ्या पोरांसमोर म्हणाली, "तुम्ही माझ्यापेक्षा मोठे, त्यात तुमचं हृदय तसलं. तुम्ही आधी जाणार. तुमच्यामागे मी लेकीच्या दारात उभी राहायची नाही." मी हसलो. खरंच होतं ते. तिनं तिच्या विधवापणाची सोय करून ठेवली होती, आणि आता मी बसलो होतो समोसे खात.

चार टिंबांचा मोबाइल वाजला. हॉस्पिटलातून होता. उठताना म्हणाला, "मी विचारतो कुणालातरी. तुम्ही काळजी करू नका." डॉक्टर जेव्हा असं म्हणतो तेव्हा काळजीचंच असतं, हॉस्पिटलच्या लाँड्रीत जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगवत नाही, पण सांगतो. सकाळी पोस्टमन दाराच्या फटीतून कागद टाकायचा तेव्हा मी जिन्याखाली उभा असायचो, आवाज बंद होईपर्यंत. मग बघायचो, पिझ्झावाल्याची जाहिरात. एकदा समोरच्या घराशी पोलिसांची गाडी थांबली. त्यांच्या कुणाचीतरी सायकल चोरीला गेली होती. मी पडदे ओढून न्हाणीघरात जाऊन बसलो, कारण तिथं खिडकी नाही. ब्रिटिश पासपोर्ट आहे माझ्याकडे, किती वर्षांचा आहे. तरी तो काढून उशीखाली ठेवला.

पैशाची भीती नव्हती. तिचे पैसे, घेऊन जा म्हटलं असतं. इथल्या पेपरात सरकारला फसवणाऱ्यांचे फोटो येतात ना, नावानिशी, रस्त्याच्या नावानिशी, तसा तिचा फोटो मला दिसायचा. तोच फोटो, जो आम्ही भिंतीवर लावलाय, मंडळाच्या हळदीकुंकवाचा, हिरव्या साडीतला. खाली लिहिलंय चोर. आणि ती उत्तर द्यायला नाही. जी बाई दुकानात दोन पेन्स जास्त आले तर परत जाऊन द्यायची, तिला मेल्यावर चोर म्हणणार, आणि कशावरून? तर नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणून.

पुन्हा फोन करून शब्द फिरवावा असंही डोक्यात आलं. पण फिरवून सांगणार काय? मला हेच नक्की माहीत नव्हतं की खरं काय. पोरं राहायची हे खरं. पैसे द्यायची हे खरं. मग ते भाडंच की. मी जितका विचार करायचो तितकं ते भाडंच वाटायला लागायचं. शेवटी मी टेलिफोनची वायर भिंतीतून काढली. मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला. जेवणसुद्धा उभ्यानं, ओट्याशी, पातेल्यातून. ताट घेतलं नाही.

दोन दिवसांनी दारावर अशी थाप पडली की मला वाटलं, आले. मी हललो नाही. मग पत्रपेटीच्या फटीतून आवाज आला, "बाबा! बाबा, दार उघडा!"

मुलगी. वॉटफर्डहून गाडी हाणत आली होती. दार उघडल्यावर आधी तिनं माझे दोन्ही खांदे धरले, मग ओरडली.

"फोन का नाही उचलली तुम्ही? मला वाटला तुम्ही पण..."

आमच्या घरात हल्ली वाक्यं अशीच अर्धी राहतात. ती इथं जन्मली, तिचं मराठी लंगडतं, पण आईशी ती मराठीतच बोलायची म्हणून आता माझ्याशीही बोलते. मी तिला सगळं सांगितलं. बसून ऐकलं तिनं. मग अगदी हळू म्हणाली,

"तुम्ही सांगितला, आई काही नाही करत होती?"

"तसं नव्हे गं. म्हणायची पद्धत असते."

"कुठली पद्धत? तुम्ही लाँड्रीतून आला की तुमचा काम संपला. शूज काढले, टीव्ही लावला. आईची शिफ्ट तेव्हा सुरू व्हायची. मी होमवर्क करायची ना त्याच टेबलवर, मला माहिती आहे. आठ लोकांचा कणीक मळायची ती."

"आठ लोकांची कणीक."

"माझी मराठी नका सुधरवू आता, बाबा."

बरोबरच बोलत होती.

तिनं लॅपटॉप काढला. आईचं टॅक्सचं खातं तिला उघडता यायचं, दरवर्षी जानेवारीत दोघी मिळून ते भरत, मी तेव्हा क्रिकेट बघत असायचो. तिनं बघून सांगितलं की आईनं प्रत्येक वर्षी स्वतःचा धंदा म्हणूनच भरलंय, जेवण करून देण्याचा. टॅक्स बसला तेव्हा टॅक्स दिलाय.

"मग सुटलो?" मी विचारलं.

ती लॅपटॉपकडे बघत राहिली. "आईनी एक लिहिलंय. तुम्ही फोनवर दुसरा सांगितला. ते म्हणू शकतात की भाडं होता आणि आईनी मुद्दाम धंदा लिहिला, पेन्शनमध्ये जास्त टाकायला."

म्हणजे आता माझ्या शब्दाविरुद्ध तिचा शब्द. आणि जिवंत मी. त्या दिवसाइतकी भीती मला बोटीवर कधी वाटली नव्हती.

म्हाताऱ्या माणसांना टॅक्समध्ये फुकट मदत करणारी काही मंडळी असतात. मुलीनं त्यांच्याकडे वेळ घेतली. लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसतात. त्या दिवशी मी टाय लावला. पासपोर्ट घेतला, लग्नाचा दाखला घेतला, लाँड्रीतून निवृत्त झालो तेव्हाचं प्रशस्तिपत्रक घेतलं. बसमध्ये मुलगी म्हणाली, "प्रशस्तिपत्रक कशाला?" म्हटलं, माणूस बरा आहे एवढं तरी कळेल. गोदीवरून एका मोठ्या बोटीचा भोंगा वाजला आणि मी दचकलो. एवढी वर्षं ज्या आवाजावर झोपलो त्यालाच दचकलो.

समोर बाई होती, माझ्याच वयाची, जाडा लोकरी स्वेटर, नाकावर चष्मा. आयुष्यभर टॅक्सच्या कचेरीत नोकरी केलेली आणि आता रिकामा वेळ असा घालवणारी. मुलीनं सगळं सांगितलं, लॅपटॉप दाखवला. बाईनं वाचलं. मग लॅपटॉप बाजूला सारून माझ्याकडे बघितलं.

"कागदावर काय आहे ते मी बघितलं," ती म्हणाली. "आता मला घर सांगा. खोलीचे किती घ्यायचात, जेवणाचे किती?"

"वेगळे नाही. एकच रक्कम."

तिनं ओठ मिटले. म्हणाली, "हीच तर अडचण आहे. नुसतं जेवायला येणारे होते?"

"होते. जास्त तेच होते."

"त्यांचं सोपं आहे. जे राहायचे त्यांचं सांगा. त्यातला एखादा सुट्टीवर गेला, समजा महिनाभर भारतात गेला, सामान तुमच्याच खोलीत आहे. तर त्या महिन्याचे पैसे द्यायचा का?"

मी मराठीतच म्हणालो, "छे. त्याचा खाडा."

बाईनं मुलीकडे बघितलं. मुलीनं माझ्याकडे. "बाबा, खाडा इंग्लिशमध्ये काय?"

आता खानावळीत जेवलेल्या माणसाला खाडा सांगावा लागत नाही. ज्या दिवशी तुम्ही जेवत नाही त्या दिवशीचे पैसे वजा होतात, पण आधी सांगितलं असेल तरच. गिरगावातल्या आत्यानं तो नियम बायकोला शिकवला आणि बायकोनं तो साउथहॅम्प्टनात चालवला. संध्याकाळच्या आत सांगायचं, उद्या येणार नाही. मग ती ताटाळ्यात त्याचं ताट उलटं ठेवायची. उलटं ताट म्हणजे खाडा, पैसे नाहीत. न सांगता गायब झालास तर ताट सुलटं राहणार, तुझं अन्न शिजणार, पैसे लागणार. त्यात ती कुणाचं ऐकायची नाही. एका पोरानं एकदा वाद घातला, काकू, मी ऑपरेशनमध्ये अडकलो होतो. म्हणाली, "पेशंट झोपवायच्या आधी मला फोन करायचा. माझी भाकरी कुणी झोपवायची?"

हे सगळं इंग्रजीत मुलीला येईना. म्हणून मीच माझ्या बोटीवरच्या इंग्रजीत सांगितलं. नो ईट, नो पे. टेल बिफोर, नो पे. नो टेल, पे.

बाईनं पेन खाली ठेवलं. "आणि खोली? तो नसताना खोलीचे काहीच नाही?"

"खोलीचे कसले पैसे? खोली काय शिजवायला लागते? ती होतीच."

मग मी तिला ताटांचं सांगितलं, टिंबांचं, ताटाळ्याचं. हातवारे करून, ताट कसं उलटं करायचं ते सुद्धा. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं झाल्यावर चष्मा काढून म्हणाली, "मी नोकरीत शेकडो घरमालकांचे कागद तपासले असतील. भाडेकरू गावाला गेला म्हणून भाडं सोडणारा घरमालक मला एकही भेटला नाही. भाडं जागेचं असतं, माणूस असो नसो. तुमच्या पत्नी जेवणाचे पैसे घेत होत्या, झोपायला जागा त्याच्या जोडीला देत होत्या. हा जेवणाचा धंदा आहे. त्यांची स्वतःची कमाई. त्यांनी बरोबर लिहिलं आणि कमाईच्या आतच भरलं."

मुलगी रडायला लागली. मी नाही. मला अजून भीती वाटत होती. मी विचारलं, "म्हणजे ती चोर नाही?"

बाईला तो शब्द आवडला नाही. "कोण म्हणालं चोर?"

"कुणी नाही अजून."

"मग तुम्हीही म्हणू नका. पण ऐका, निर्णय माझा नाही, त्या कंपनीचा आहे. आत्ता मला सांगितलंत हे सगळं त्यांना कळवा. जेवायला येणाऱ्यांपैकी कुणी सांगायला तयार असेल तर त्यालाही सांगू द्या. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं की पत्नी काय करायच्या, तर जरा नीट उत्तर द्या."

मुलीनं कळवलं. चार टिंबांनीही कळवलं. त्यानं लिहून दिलं की मी त्या घरात राहिलो आणि जेवलो, आणि सांगून जेवलो नाही त्या दिवशीचे पैसे माझ्याकडून कधी घेतले गेले नाहीत, न सांगता गेलो तेव्हा मात्र घेतले. मला वाचून दाखवताना म्हणाला, "काका, एकदा मला तीन आठवड्यांचा खाडा मिळाला नव्हता. काकूंना सांगायला विसरलो होतो. लग्नाला गेलो होतो, स्वतःच्याच." म्हटलं, तेही लिहायचं होतंस. म्हणाला, "लिहिलंय."

वायर पुन्हा भिंतीत घातली. फोन यायला वेळ लागला. त्या काळात मी बरा होतो असं सांगणार नाही. पोस्टमनच्या वेळी जिन्याखाली उभा राहायचोच. मनात यायचं, त्या स्वेटरवाल्या बाईचं ऐकणार कोण? ती तर निवृत्त. मनात यायचं, खाडा म्हणजे काय हे त्या कंपनीतल्या कुणाला कळणार? तिथल्या कुणी ताट उलटं ठेवलंय आयुष्यात?

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. पहिल्या वेळी बोलली ती बाई नव्हती, पुरुष होता. पुन्हा पहिल्यापासून. दुःख झालं, पत्ता काय, जन्मतारीख काय. मग म्हणाला, नोंदीसाठी पुन्हा विचारतो, तुमच्या पत्नी काय काम करायच्या?

मी मेथी बाजूला सारली.

"खानावळ चालवायची," मी म्हणालो. त्याला तो शब्द कळला नाही. मी म्हटलं, लिहून घ्या, मग सांगतो. त्यानं अक्षर अक्षर विचारून लिहून घेतलं. मग मी सांगितलं. किती माणसं जेवायची, किती वर्षं, कोण आजारी असला तर त्याला पेज, कोण उपाशी आला तर त्याला आधी. तो मध्ये मध्ये "येस" म्हणत होता. शेवटी म्हणाला की आमच्या विभागानं सगळं बघितलं आहे, त्यांची कमाई धरली आहे, त्यांनी भरलेलं नियमात बसतं. टॅक्स ऑफिसला काही कळवायचं नाही. काही दिवसांत खातं तुमच्या नावावर येईल.

मी "थँक यू" म्हटलं. या वेळी कशाबद्दल ते ठाऊक होतं.

शनिवारी मुलगी आली. म्हणाली, आता थोडं आवरूया, एवढी ताटं कशाला ठेवायची, चॅरिटीच्या दुकानात देऊ. मी हो म्हटलं, पण उठलो नाही. ती एकेक ताट काढून टेबलावर ठेवत होती. दोन टिंबं, तीन टिंबं, पाच. चार टिंबांचं बाजूला ठेवलं, त्याला देणार म्हणाली. ताटाळ्यात शेवटी दोनच राहिली. माझं एक टिंबाचं, आणि बायकोचं. तिच्या ताटाला टिंब नाही. मालकिणीला कसलं टिंब, म्हणायची.

मुलीनं ते ताट हातात घेतलं, पदर नाही म्हणून स्वेटरच्या बाहीनं पुसलं आणि ताटाळ्यात उलटं ठेवलं. लहानपणापासून बघितलेलं, माणूस नसला की ताट उलटं. तिनं विचार करून केलं नाही.

मी उठलो आणि ते सुलटं केलं.

"बाबा," ती म्हणाली, "आई नाहीये आता."

"माहीत आहे मला. पण ती सांगून गेली नाही. न सांगता गेलेल्याला खाडा नाही. नियम तिचाच."

मुलीनं कुकर लावला. मी दोन ताटं घेतली, मग परत जाऊन तिसरं, बायकोचं, घेतलं. तांदूळ तिनं आईच्या मापानं घातला होता, जास्तच झाला. बाहेर पोस्टमन आला, फटीतून काहीतरी पडलं, आणि मी सवयीनं जिन्याखाली जायला वळलो.

"मी बघते," मुलगी म्हणाली. "तुम्ही वाढून घ्या."